तोंडओळख

लुसेआने मावशी शिष्ट आहे, असं आमच्या बेटावर सगळे म्हणायचे. समोरून माणूस आलं, हसलं, तरी ही आपली सरळ पुढे. कोणी "काय गं, कुठं निघालीस?" असं विचारलं की मात्र थांबायची, हात हातात घ्यायची, घरच्या माणसांपासून डुकरांपर्यंत सगळ्यांची चौकशी करायची. "आधी बोलायला हिचं काय तोंड झिजतं?" बायका म्हणायच्या. माझी आजी तर म्हणायची, "राजाच्या घरात जन्मायची, ती चुकून माझ्या पोटी आली."

मी तिच्या मोठ्या बहिणीची मुलगी, सेलुवाइया. मावशीला मूल नव्हतं, म्हणून लहानपणापासून मी जास्त तिच्याकडेच असायचे. मला ती कधी शिष्ट वाटली नाही. चमत्कारिक वाटायची. शाळेतून येताना मी वेण्या सोडून केस मोकळे केले असले, तर ती पडवीतून माझ्याकडे परक्या मुलीकडे बघावं तशी बघायची. "मावशी" म्हटलं की चेहरा उजळायचा. मला वाटायचं, हिची नजर कमी आहे. पण खडकांच्या रांगेपलीकडून येणारी होडी कोणाची, हे तिच्या आधी कोणाला सांगता यायचं नाही.

तिचा नवरा कावेइंगा. चर्चमध्ये खर्जात गायचा, तेव्हा बाकाची फळी थरथरायची. त्याला एक सवय होती: कुठूनही येताना नारळीच्या बागेच्या टोकापासूनच "लुसे! ए लुसे!" अशी हाक घालत यायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवा नवरा असल्यासारखा ओरडतो म्हणून पोरं त्याची नक्कल करायची. मावशीला ते फार आवडायचं.

त्या वर्षी आमच्याकडे चर्चची मोठी सभा होती. पाहुण्यांच्या जेवणासाठी मासे हवे होते. कावेइंगा आणि तालियाई असे दोघे तालियाईच्या होडीतून गेले. तालियाई हा कावेइंगाचा मावसभाऊ. दोघांचा बांधा एकच, रंग एकच. पाठमोरे उभे राहिले तर गावकऱ्यांचीही गल्लत व्हायची. दुपारी दक्षिणेचा वारा उठला. संध्याकाळपर्यंत होडी आली नाही. दुसऱ्या दिवशी ती उपडी सापडली आणि त्यानंतर दूरच्या एका बेटावरच्या लोकांना खडकात अडकलेला एक देह मिळाला. एकच. त्यांनी तो ताडपत्रीत गुंडाळून मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात पोचवला. ते लोक आमच्यापैकी कोणाला ओळखत नव्हते. पोलीसही राजधानीतून नुकताच आलेला.

दवाखान्यात आम्ही तिघी गेलो: मावशी, मी, आणि कावेइंगाची थोरली बहीण फिफिता. तालियाईची बायको मेलेनाइते गरोदर होती. पोटुशीने मढं बघू नये म्हणून म्हाताऱ्यांनी तिला येऊ दिलं नाही. फिफिता खोलीत जाणार नव्हतीच. आमच्यात भाऊ उघडा पडलेला असताना बहिणीने आत कसं जायचं? आणि तालियाई असला तरी तो भाऊच. ती बाहेर व्हरांड्यात, काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीपाशी उभी राहिली. मी बाकावर बसले होते. मावशी एकटी आत गेली.

बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. मग पोलिसाचा आवाज आला, "बाई, ओळखता ना?"

परत काही नाही.

"बाई?"

"हो," मावशी म्हणाली. "माझा नवरा."

त्याबरोबर खिडकीपाशी फिफिताने असा हंबरडा फोडला, की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

उकाड्याचे दिवस, देह पाण्यात राहिलेला. डॉक्टरांनी पेटी बंद करूनच दिली. आमच्यात मेलेल्याच्या कपाळाचं चुंबन घेतल्याशिवाय निरोप होत नाही. यावेळी सगळ्यांनी पेटीच्या झाकणाचं घेतलं. बहिणीचा मान म्हणून फिफिता डोक्याशी बसली होती, मावशी दुखवट्याची फाटकी मोठी चटई कमरेला गुंडाळून पायाशी. मेलेनाइतेनेही वाकून झाकणाला ओठ लावले आणि म्हणाली, "भाऊजी, माझा तालियाई कुठं आहे ते तेवढं सांगा हो."

कबरीवर पांढरी वाळू घातली, कडेने काळे गोटे लावले, मागे भरतकामाची रजई टांगली. फिफिताने राजधानीतून कावेइंगाचा फोटो मोठा करून आणला आणि चौकटीत बसवून तिथं उभा केला.

मेलेनाइतेने काळं नेसायला नकार दिला. "नवरा हरवलाय माझा, मेला नाही," असं म्हणायची. रोज त्याच्या वाटणीचा कंद उकडायची आणि झाकून ठेवायची. कोणाची हिंमत नव्हती तिला काही बोलायची. तेवढ्यात तिच्या मानेत कळ सुरू झाली. गरोदरपणातलं दुखणं म्हणून आधी कोणी लक्ष दिलं नाही. मग मान वळेना. दवाखान्यातल्या गोळ्यांनी काही होईना. तेव्हा गावातली म्हातारी म्हणाली, "हिचं कोणीतरी जमिनीखाली अवघडून पडलंय, ते हिच्या मानेत उमटतंय." तिच्या माहेरच्यांनी आपल्या सगळ्या कबरी तपासल्या. कुठे झाडाचं मूळ घुसलंय का, वाळू खचलीय का. काहीच सापडलं नाही. "आणखी कोण आहे तुमचं?" म्हातारीने विचारलं. "कोणी नाही," ते म्हणाले.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा मावशी तिथंच बसली होती.

त्यानंतर ती रोज कबरीवर जाऊन फोटोसमोर उभी राहायला लागली. एकदा मला म्हणाली, "सेलु, हा कावेइंगाच ना गं?"

"असं काय विचारतेस, मावशी?"

"नाही, नुसतं विचारलं."

मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलंय. मी तिला घरी नेलं, चहा करून दिला.

मग ती कापड कुटण्याची दुपार आली. आमच्या बायका झाडाच्या सालीचं कापड कुटायला एका छपराखाली बसतात. ओंडक्यावर साल पसरायची, लाकडी मोगऱ्यांनी ठोकत राहायचं आणि तोंडाने गावाची उणीदुणी काढत राहायचं. माझ्या आईच्या फोनवर कोणीतरी जुन्या शाळेचा फोटो पाठवला होता. आई, मावशी, मेलेनाइते, सगळ्या त्यात चिमुरड्या. फोन हातोहात फिरला.

"अगं बाई, ही बघ मेलेनाइते! तेव्हापासून ओठ काढलेलाच!"

"आणि ही मी. काय बारीक होते!"

"तू? तो खांब आहे."

हसण्याचा गदारोळ झाला. मावशीने फोन हातात घेतला, बघितलं आणि विचारलं, "ही मेलेनाइते कशावरून?"

"कशावरून म्हणजे? तिचं तोंड बघ की."

"तोंडात काय बघू?"

"शिष्टपणा पुरे हं, लुसेआने," आई म्हणाली.

"नाही, मला सांग. गणवेश सगळ्यांचा एकच. केस सगळ्यांचे सारखे बांधलेत. कोण कुठं बसलंय तेही मला आठवत नाही. मग तू कशावरून म्हणतेस? नाकावरून? नाक कसं आहे तिचं? फोन न बघता सांग."

आई म्हणाली, "नाक... नाकासारखं नाक. अगं, नाकाचा काय संबंध? बघितलं की कळतं."

"लगेच?"

"लगेच."

"शोधावं लागत नाही?"

"काय शोधायचं?"

मोगऱ्यांचा आवाज थांबला होता. मावशी सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. "तुम्हाला सगळ्यांनाच असं होतं?" तिने विचारलं. "बघितलं की माणूस आपोआप... येतं समोर?"

"तुला नाही का येत?" कोणीतरी हसतच विचारलं.

मावशी हसली नाही. तिने मोगरी खाली ठेवली आणि उठून गेली.

मी मागोमाग गेले. ती समुद्राच्या बाजूला, उलट्या पडलेल्या होडीच्या सावलीत बसली होती. मी जवळ गेल्यावर तिने मान वर केली आणि मी "मावशी" म्हणेपर्यंत नुसती बघत राहिली. इतकी वर्षं ती माझ्या हाकेची वाट बघत होती, हे मला तेव्हा कळलं.

"मला वाटायचं, सगळे माझ्यासारखंच करतात," ती म्हणाली. "चाल बघायची, आवाज ऐकायचा, कपडे बघायचे, कोण कोणाबरोबर आहे ते बघायचं आणि जुळवायचं. मला वाटायचं, तुम्ही हुशार, म्हणून तुमचं भराभर जुळतं. मी मंद, म्हणून मला वेळ लागतो. पण तुम्ही जुळवतच नाही. तुमचं काहीतरी वेगळंच चालतं."

"मावशी, मग दवाखान्यात..."

"मेलेला माणूस चालत नाही, सेलु. बोलत नाही. अंगावर धड कपडा नव्हता, हात सुजले होते, पाय खडकांनी फाडले होते. मी तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, नवराच आहे आपला, थांबलं की होईल ओळखीचा. आणि तो पोलीस मला विचारतोय, ओळखता ना? बायकोने नाही कसं म्हणायचं? आपल्याच नवऱ्याला?"

"म्हणजे तिथं कोण आहे, ते तुला..."

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी रोज एका माणसाच्या कबरीची वाळू सारखी करते. तो कोण आहे, मला माहीत नाही."

त्या संध्याकाळी घरी आई कंद सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसून तिच्या तोंडाकडे बघायला लागले. हिला मी कशावरून ओळखते? नाकावरून? मी नाकाकडे बघितलं. भुवयांकडे बघितलं. ओठांच्या कडांकडे बघितलं. बघता बघता ते सगळं एकमेकांपासून सुटं झालं आणि क्षणभर माझ्यासमोर एक म्हातारी होत चाललेली अनोळखी बाई बसली होती, हातात सुरी घेऊन.

"काय बघतेस?" ती म्हणाली, आणि आई परत आली.

मावशीने फिफिताला सांगायचं ठरवलं. मी नको म्हटलं. फिफिता थोरली बहीण, तिचा शब्द घरात शेवटचा. कबर तिच्या भावाची, तिच्यावर तिचाच हक्क. ती मावशीला घराबाहेर काढेल, असं मला वाटत होतं. पण मावशी ऐकेना. फिफिता अंगणात चटई विणत होती. मावशी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि मान खाली घालून सगळं बोलली. शाळेचा फोटो, दवाखाना, सगळं.

फिफिताची बोटं विणत राहिली. मग थांबली.

"तू मला वेडी समजतेस का?" ती म्हणाली.

"नाही ताई."

"स्वतःच्या नवऱ्याचं तोंड माहीत नाही?"

"ताई, मला तुमचंही तोंड माहीत नाही. तुमचा आवाज माहीत आहे. तुम्ही उठताना गुडघ्यावर हात ठेवता, ते माहीत आहे."

फिफिताने चटई बाजूला सारली. तिचा चेहरा रागाने लाल होईल, म्हणून मी मागे सरले होते. पण ती पांढरी पडली होती.

"मी बघितलं होतं," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "खिडकीच्या पट्ट्यांतून. बघायला नको होतं, तरी बघितलं. मला तो तालियाई दिसला."

मावशीने मान वर केली.

"अगदी सरळ दिसला. सुजला होता, तरी तालियाई. माझ्या मनात आलं, अरे देवा, मग माझा भाऊ कुठं आहे? आणि तेवढ्यात तू 'हो' म्हणालीस. मी म्हटलं, बायकोला जास्त कळतं. जन्मभर त्याच्या कुशीत झोपलेली बाई. मी चोरून बघितलेलं, एका पट्टीआडून. माझेच डोळे खोटे. मी रडायला लागले ते तालियाईसाठी की कावेइंगासाठी, मला आजपर्यंत माहीत नाही."

"तुम्ही एक शब्द बोलला असता तर, ताई..."

"तू एकदा 'माहीत नाही' म्हणाली असतीस तर!" फिफिता ओरडली. कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली आणि लगेच मागे सरली.

मेलेनाइतेकडे त्या दोघी मिळून गेल्या. मी बरोबर होते. ती दिवस भरत आलेली, मान एका बाजूला धरून उशांना टेकून बसली होती. चुलीपाशी तालियाईचं ताट झाकलेलं होतं. फिफितानेच सांगितलं. तिने काही लपवलं नाही, काही सारवासारव केली नाही. फक्त मावशीच्या डोळ्यांबद्दल सांगताना ती अडली. "हिला दिसतं," ती म्हणाली, "पण माणसं दिसत नाहीत. म्हणजे दिसतात... मला नाही सांगता येत. तूच सांग गं."

मावशीने सांगायचा प्रयत्न केला. मेलेनाइते ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "ताई, तुम्ही नक्की बघितलंत? तालियाईच?"

"आता मला कशाचीच खात्री देववत नाही," फिफिता म्हणाली. "पण त्या क्षणी खात्री होती."

मेलेनाइतेने मावशीकडे बघितलं. मला वाटलं, आता ही किंचाळेल. ती म्हणाली, "मी त्याच्या पेटीचा मुका घेतला, लुसेआने. आणि त्यालाच विचारलं, तू कुठं आहेस."

मग ती रडली. होडी उलटल्यापासून पहिल्यांदाच रडली. रडता रडता तिने मावशीला जवळ ओढलं, की ढकललं, ते मला नीट दिसलं नाही. दोघी एकमेकींना धरून हलत होत्या. दुसऱ्या दिवशी ती काळं नेसली.

कबर उघडायची का, यावर गावात खूप बोलणं झालं. पाद्री म्हणाले, देवाला माहीत आहे, तेवढं पुरे. पुरुष म्हणाले, इतक्या दिवसांनी उघडून तोंड थोडंच दिसणार आहे? शेवटी फिफिताने सांगितलं, उघडायची नाही. तिने स्वतः फोटोची चौकट उचलली आणि घरी नेली. मेलेनाइतेने तालियाईचा फोटो आणून ठेवला, नवी रजई टांगली. तिला मुलगी झाली. मानेची कळ हळूहळू गेली. म्हातारी म्हणाली, बघा. दवाखान्यातली नर्स म्हणाली, बाळंतपणानंतर असं होतंच. मी दोघींनाही हो म्हटलं.

गाव बदललं, ते मात्र खरं. आता मावशीच्या समोरून जाताना माणसं नाव सांगतात. "मी हो, लुसेआने, तोळाराचा मुलगा पाउला!" पोरं मुद्दाम दुसऱ्याचं नाव घेऊन फसवतात आणि ती आवाजावरून पकडून त्यांचा कान पिळते. तिला आता कोणी शिष्ट म्हणत नाही. पण कधीकधी कोणीतरी बाई मला बाजूला घेऊन हळूच विचारते, "तू डोळे मिटलेस की तुला काय दिसतं गं? मला रंग दिसतात. सगळ्यांनाच दिसतात ना?" आणि उत्तर द्यायच्या आधीच निघून जाते.

कावेइंगा सापडला नाही. त्याचं मढं नाही, कबर नाही; फोटो फिफिताच्या भिंतीवर. मावशी आता तिच्याकडेच राहते. रविवारी चर्च आटोपलं, जमिनीतल्या भट्टीतलं जेवण झालं, की सगळं बेट झोपतं. कुत्रीसुद्धा सावली धरतात. तेव्हा त्या दोघी पडवीत बसलेल्या असतात, आणि गेल्या रविवारी मीही तिथं होते. ऊन इतकं होतं, की रस्ता पांढरा दिसत होता.

मावशी एकदम ताठ झाली. "कोण आहे?"

"कोणी नाही," फिफिता म्हणाली.

"रस्त्यावर. झाडापाशी. उभा आहे. नाव का सांगत नाही?"

मी बघितलं. मला नुसती झाडाची सावली दिसली.

"ताई, तुम्ही बघा ना," मावशी म्हणाली. "तुम्हाला लगेच कळतं. नीट बघा आणि सांगा."

फिफिता गुडघ्यावर हात ठेवून उठली, पायरीपर्यंत गेली, कपाळावर हात आडवा धरून झाडाकडे बघत उभी राहिली. मी तिच्या पाठीकडे बघत होते. ती मागे वळेना.

"ताई?" मावशी म्हणाली.